वाचकांचे प्रश्न : कॅरिबियन लोकांना वेगळा क्लब कशासाठी?

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमधील लीड्स शहरात, चॅपलटाउन भागात राहून शिकते. तेथे कॅरिबियन बेटांवरून आलेल्या लोकांचा जुना क्लब आहे. वयस्कर मंडळी संध्याकाळी डॉमिनो खेळतात आणि शनिवारी गाणेबजावणे चालते, असे ती कळवते. इतकी वर्षे त्या देशात काढूनही या लोकांना स्वतःचा वेगळा क्लब का लागावा? हे स्थानिक समाजात न मिसळण्याचे लक्षण नव्हे काय?

उत्तर : आपल्या प्रश्नातील ‘वेगळा’ हा शब्द रास्त आहे; फक्त वेगळेपणाची सुरुवात कोणत्या बाजूने झाली, हे आधी पाहावे लागेल. २२ जून १९४८ रोजी ‘एम्पायर विंडरश’ जहाजातून टिलबरी बंदरात उतरलेल्या हजारभर प्रवाशांपैकी सुमारे ८०० जण कॅरिबियन बेटांवरून आलेले होते. ते ब्रिटिश प्रजाजन होते, आणि त्यांच्यातील कित्येकांनी महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलात चाकरीही केली होती. तरीही खोली भाड्याने मागायला गेल्यावर ‘ती आत्ताच दिली’ हे उत्तर त्यांना वारंवार ऐकावे लागे. कारखान्यातील काम संपल्यावर इंग्रज कामगार ज्या कामगार-क्लबात जाऊन बसे, त्यातील अनेकांचे दार शेजारच्या यंत्रावर काम करणाऱ्या जमैकन माणसासाठी बंद असे.

यात कायदाही फारसा उपयोगी पडला नाही. वंशभेदाविरुद्धचा पहिला ब्रिटिश कायदा १९६५ साली झाला, परंतु तो हॉटेले, नाट्यगृहे अशा सार्वजनिक जागांपुरता होता. खाजगी क्लब त्यातून सुटले, आणि १९६८ च्या सुधारित कायद्यानंतरही सुटलेच. लंडनच्या ईस्ट हॅम भागात हुजूर पक्षाच्या एका क्लबाने भारतीय वंशाच्या अर्जदाराला सभासदत्व नाकारले, तेव्हा प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (हे त्या काळी तेथील सर्वोच्च न्यायालय) गेले आणि १९७३ साली निकाल क्लबाच्या बाजूने लागला. पुढच्याच वर्षी प्रेस्टन येथील गोदी कामगारांच्या क्लबाबाबतही तसेच घडले. पंचविसाहून कमी सभासद नसलेल्या क्लबांना रंगावरून कोणाला नाकारण्यास मनाई झाली ती १९७६ च्या कायद्याने. म्हणजे विंडरशनंतरची तब्बल २८ वर्षे क्लबाने दार लावून घेणे कायदेशीर होते. अशा स्थितीत या लोकांनी स्वतःची जागा उभारली, तर तिला फटकून राहणे म्हणता येईल, असे मला वाटत नाही.

लीड्सचेच उदाहरण घ्यावे. विंडरशने आलेले आल्फर्ड गार्डनर आणि त्यांच्या सोबत्यांनी १९४८ मध्येच तेथे कॅरिबियन क्रिकेट क्लब स्थापन केला. वेगळा क्लब हवा होता तो खेळण्यासाठी, आणि खेळायचे होते ते स्थानिक इंग्रज संघांशी. मिसळण्याची वाट अशी स्वतःच्या क्लबातूनच निघाली. (दोनच वर्षांनी, जून १९५० मध्ये, वेस्ट इंडीजने लॉर्ड्सवर इंग्लंडला ३२६ धावांनी हरवले. इंग्लंडच्या भूमीवरील त्यांचा तो पहिला कसोटी विजय. फिरकी गोलंदाज सॉनी रामाधीन हे त्या विजयाचे एक शिल्पकार होते आणि ते भारतीय वंशाचे होते, हे आपल्या क्रिकेटप्रेमी वाचकांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

आणखी एक गोष्ट या क्लबांतून घडली आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. जमैका आणि त्रिनिदाद यांच्यात सुमारे १,८०० किलोमीटर समुद्र आहे. मायदेशी असताना बार्बाडोसचा माणूस स्वतःला बार्बाडोसचा म्हणे आणि जमैकाच्या माणसाला परकाच समजे. इंग्लंडमध्ये दोघांना एकाच नजरेने पाहिले गेले, एकाच टेबलाशी बसावे लागले, आणि ‘वेस्ट इंडियन’ ही ओळख तेथे अंगवळणी पडली. बेटाबेटाची मंडळे निघाली आणि हेवेदावेही राहिले, तरी १९५८ च्या उन्हाळाअखेर लंडनच्या नॉटिंग हिल भागात कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले, तेव्हा एकत्र येण्याची ही सवय कामी आली. पत्रकार क्लॉडिया जोन्स यांनी ३० जानेवारी १९५९ रोजी लंडनच्या सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये कॅरिबियन कार्निव्हल भरवला. कडाक्याच्या थंडीमुळे तो अर्थातच छपराखाली झाला. लीड्सचा कार्निव्हल १९६७ पासून रस्त्यावर निघतो, आणि त्याची सुरुवात करण्यात नेव्हिस बेटावरून आलेले आर्थर फ्रान्स यांचा पुढाकार होता.

राहिला डॉमिनोचा प्रश्न. चौघेजण दोन जोड्या करून खेळतात, सोंगटी टेबलावर दाणकन आपटतात, आणि सलग सहा डाव जिंकून ‘सिक्स-लव्ह’ देणे हा मोठा मान समजला जातो. तो आवाज भांडणाचा नव्हे, हे आपल्या मुलीला अवश्य कळवावे. त्याच टेबलाशी कोठे खोली मिळते, कोणत्या कारखान्यात भरती आहे, कोणाच्या घरी मृत्यू झाला आहे, या बातम्या हातोहात पोहोचत. मृत्यूनंतर नवव्या रात्री आप्तेष्ट जमून गाणी, जेवण आणि आठवणींत रात्र घालवतात. भाड्याच्या खोलीत शंभर माणसे कोठे बसवणार? त्यासाठीही स्वतःची जागा हवीच होती.

प्रश्न : या लोकांत ‘पार्डनर’ नावाची बचतीची पद्धत असते, असे वाचले. ती नेमकी काय आहे?

उत्तर : ती आपली भिशीच. वीस जणांनी दर आठवड्याला प्रत्येकी दोन पौंड भरले, तर दर आठवड्याला एकाच्या हाती चाळीस पौंड पडतात आणि वीस आठवड्यांत सर्वांची पाळी होते. भरण्याच्या हप्त्याला ‘हँड’, उचल मिळण्याला ‘ड्रॉ’ आणि हिशेब सांभाळणाऱ्या व्यक्तीला ‘बँकर’ म्हणतात. ‘पार्डनर’ हा जमैकन शब्द. त्रिनिदादमध्ये तिला ‘सूसू’, गयानात ‘बॉक्स हँड’ आणि बार्बाडोसमध्ये ‘मीटिंग टर्न’ असे नाव आहे. बँका आणि गृहकर्ज देणाऱ्या संस्था कृष्णवर्णीय ग्राहकाला उभे करून घेत नसत, त्या काळात कित्येक कुटुंबांनी पहिल्या घराची अनामत याच पैशातून भरली. बँकर ही बहुधा स्त्री असे. कोणाची नड मोठी आहे आणि कोणाला आधी पाळी द्यावी, हे ठरवण्याचा तिचा अधिकार लेखी नसला तरी सहसा कोणी मोडत नसे. डॉमिनोच्या टेबलाशी पुरुष दिसतात म्हणून क्लब पुरुषांचा वाटतो. स्वयंपाकघर, पैसा आणि मुलांच्या शनिवारच्या शाळा यांचा भार मात्र मोठ्या प्रमाणात बायकांनीच वाहिला.

प्रश्न : अशा क्लबात बाहेरच्या माणसाला जाता येते काय? आणि नव्या पिढीला त्यात रस आहे काय?

उत्तर : बहुतेक ठिकाणी सभासदाने पाहुण्याचे नाव वहीत लिहिले की आत जाता येते, आणि कार्यक्रमाच्या दिवशी तर तिकीट काढून कोणीही जातो. नव्या पिढीचे म्हणाल, तर नातवंडांना आज कोणताही पब मोकळा आहे, त्यामुळे रोज संध्याकाळी येणारे कमी झाले. इमारतींची देखभाल महाग झाली, नगरपालिकांची अनुदाने आटली आणि काही क्लब बंदही पडले. तथापि २०१८ साली असे उघडकीस आले की, लहानपणी कायदेशीरपणे आलेल्या कॅरिबियन ज्येष्ठांना कागदपत्रांअभावी नोकरी आणि औषधोपचार नाकारले गेले होते, काहींना तर देशाबाहेरही काढले होते. तेव्हा अर्ज भरून घेण्यासाठी वकील आणि स्वयंसेवक अशाच सामाजिक केंद्रांत येऊन बसले, कारण सरकारी कचेरीत पाऊल टाकायला घाबरणारी माणसे तेथे निःशंकपणे येत.

मुलीला जायचे असेल, तर तिने जरूर जावे. फक्त डॉमिनोच्या टेबलाची रिकामी खुर्ची दिसली तरी विचारल्याशिवाय तिच्यावर बसू नये. ती बहुधा कोणाच्या तरी जोडीदाराची असते.