एका ओळीत दोन धंदे

चि. भाचीस, अनेक आशीर्वाद.

तुझी व्हीपीएनच्या, म्हणजे लोकांचं इंटरनेट आपल्या सर्व्हरमधून गुप्तपणे नेऊन द्यायच्या, धंद्याची एक्सेल शीट नीट बघितली. महिना १९९ रुपये, शंभर गिऱ्हाईकं, मुंबईतला एक क्लाउड सर्व्हर, आणि शेवटच्या रकान्यात हिरव्या रंगात नफा. वर ठळक अक्षरांत 'नो लॉग्स', म्हणजे कुणाचीही नोंद ठेवणार नाही. बेरीज-वजाबाकी चोख आहे, पण हा धंदा तू करू नयेस असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरा कर. तोही व्हीपीएनचाच.

आधी 'नो लॉग्स'चं बघू. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला आयटी कायद्याच्या कलम ७०बी खाली निर्देश काढले. सर्वसामान्य लोकांना व्हीपीएन विकणाऱ्याने गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता आणि फोन पडताळून घ्यायचा, सेवा कशासाठी हवी ते विचारायचं, कुठले आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) कधीपासून कधीपर्यंत दिले ते नोंदवायचं, आणि गिऱ्हाईक सोडून गेल्यावरही हे सगळं पाच वर्षं सांभाळायचं. सिस्टिमचे लॉग १८० दिवस ठेवायचे ते वेगळेच. हे पाळलं नाही तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. त्या वर्षी एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले आपले सर्व्हर सरळ काढून घेतले. त्या कंपन्यांच्या पदरी वकील आहेत. तुझ्या पदरी मी आहे, आणि मला कोर्टाची पायरी चढायची हौस नाही.

आता नफ्याचा रकाना. अॅमेझॉन क्लाउडच्या मुंबई रिजनमधून बाहेर जाणाऱ्या डेटाचा दर जीबीला साधारण ०.११ डॉलर आहे. पहिले शंभर जीबी फुकट, पण ते सगळ्या गिऱ्हाइकांत मिळून. एचडी व्हिडिओ तासाला तीनेक जीबी खातो. रोज रात्री दोन तास मालिका बघणारा एकच माणूस महिन्याला १८० जीबी ओढेल, म्हणजे जवळजवळ वीस डॉलर. तो तुला देणार १९९ रुपये! डेटा पॅकेजमध्येच देणारे व्हीपीएस, म्हणजे भाड्याचे छोटे सर्व्हर, स्वस्त पडतात हे खरं, पण तिथे दुसरं दुखणं आहे. शंभरातल्या एकाने टॉरेंटवरून चोरीचा सिनेमा उतरवला किंवा कुणाला धमकीचा मेल पाठवला, तर बाहेर दिसणार तुझा आयपी. तक्रार येणार तुझ्या नावावर, आणि व्हीपीएसवाला बाकीच्या नव्याण्णवांसकट सर्व्हर बंद करून मोकळा होणार.

आता कामाचं. व्हीपीएनसाठी तू वायरगार्ड हे सॉफ्टवेअर निवडलंस ते उत्तम केलंस. २०२० पासून ते लिनक्सच्या कर्नेलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे, सेटिंगची फाइल पोस्टकार्डावर मावेल एवढी. त्या फाइलमधली 'अलाउड आयपीज'ची ओळ बघ. गिऱ्हाइकाच्या फाइलमध्ये तू ०.०.०.०/० लिहिलं आहेस, म्हणजे त्याचं सगळं इंटरनेट तुझ्या सर्व्हरमधून जाणार. तिथे फक्त त्याच्या ऑफिसचं नेटवर्क लिही, की झाला दुसरा धंदा. आता यूट्यूब त्याच्या घरच्या ब्रॉडबँडवरून चालेल आणि तुझ्या सर्व्हरमधून जाईल ते फक्त ऑफिसचं काम. डेटाचं बिल नगण्य, आणि कुणाच्या उचापतींना तुझा आयपी चिकटत नाही. सर्ट-इनच्या खुलाशातही म्हटलं आहे की गिऱ्हाइकांच्या नोंदींचा तो नियम लोकांना इंटरनेट प्रॉक्सीसारखी सेवा देणाऱ्यांसाठी आहे, कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला नाही. लॉगचा आणि सायबर घटना सहा तासांत कळवण्याचा नियम मात्र कंपन्यांनाही आहे, तेव्हा लॉग ठेवच.

हे घेणार कोण? फोर्टातल्या, गिरगावातल्या, ठाण्याच्या नौपाड्यातल्या छोट्या सीए फर्म बघ. भिवंडीत गोदाम आणि मस्जिद बंदरला गादी असलेले व्यापारी बघ. यांचं हिशेबाचं टॅली ऑफिसच्या एका कॉम्प्युटरवर असतं आणि साहेबांना ते बोरिवलीच्या घरून हवं असतं. मग कुणीतरी राउटरवर ३३८९ नंबरचं पोर्ट, म्हणजे दार, उघडून दुरून कॉम्प्युटर चालवायचा रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर मांडून देतं. अशा मशीनचा विंडोज सिक्युरिटी लॉग उघडून ४६२५ नंबरच्या नोंदी गाळून बघ. लॉगिनचे फसलेले प्रयत्न मिनिटामिनिटाला दिसतील, 'अॅडमिनिस्ट्रेटर', 'टेस्ट', 'अकाउंट्स' अशा नावांनी. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरला घरात शिरायला हे दार फार आवडतं. मालकाला तो पडदा दाखव. पुढे फार बोलावं लागत नाही.

बऱ्याच ठिकाणी केबलवाल्याचं ब्रॉडबँड असतं आणि राउटरचा बाहेरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला निघतो. म्हणजे सीजीनॅट, एकच बाहेरचा आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला, बाहेरून आत यायला वाटच नाही. तिथे तुझा व्हीपीएस मध्ये बसेल. ऑफिसचं मशीन आतून त्याला जोडलेलं राहील आणि जोडणी जागी ठेवणारी 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' ही सेटिंग २५ सेकंदांवर ठेवलीस की वाट उघडी राहील.

कटकटी कुठल्या येतील तेही सांगतो. साहेबांच्या घरी नेटवर्कचा पत्ता १९२.१६८.१.० आणि ऑफिसमध्येही तोच, मग डेटाचं पाकीट घरातल्या घरातच फिरत बसतं. पहिल्याच दिवशी ऑफिसच्या नेटवर्कचा पत्ता बदलून घे, नाहीतर रात्री अकराला फोन येईल. एकच 'की' (ओळख पटवणारी गुप्त किल्ली) लॅपटॉप आणि मोबाइल दोन्हींत टाकली की कनेक्शन आळीपाळीने इकडून तिकडे उड्या मारतं, म्हणून प्रत्येक यंत्राला वेगळी की. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याची की काढायची, आणि हे कळवायची जबाबदारी मालकाची असं लेखी घे. संध्याकाळी झाडू मारताना कुणीतरी प्लग काढणार, हे धरूनच चाल. वीज परत आली की मशीन आपोआप सुरू होईल अशी बायोसमध्ये सोय असते, ती चालू कर.

पैसे महिन्याचे नको, वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, आगाऊ. हा शब्द त्यांच्या ओळखीचा आहे, फ्रिजपासून लिफ्टपर्यंत सगळ्याची एएमसी ते भरतातच. दिवसा तू नोकरीवर असणार, तेव्हा लॅमिंग्टन रोडचा एखादा हार्डवेअरवाला जोडीला घे, जो आधीच या ऑफिसांत केबल ओढायला जातो. त्याचा वाटा ठरवून दे आणि त्यात घासाघीस करू नकोस. आणि ११ तारीख, २० तारीख, जुलैचा शेवटचा आठवडा, या दिवसांत सर्व्हरला हातसुद्धा लावायचा नाही. जीएसटीआर-वन, थ्रीबी, इन्कम टॅक्स, या विवरणपत्रांच्या शेवटच्या तारखा. त्या दिवशी टॅली बंद पडलं तर सीए तुला जन्मभर विसरणार नाही.

तुझ्या स्वतःच्या जीएसटीची घाई नको. सेवांची उलाढाल वीस लाखांच्या आत असेपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंदणी, म्हणशील तर माणसं मोजकीच असली की महाराष्ट्रात नुसती ऑनलाइन सूचना पुरते.

राहिलं एकच. तुझ्या नेमणूकपत्रात जोडधंद्याबद्दल नक्की काहीतरी लिहिलेलं असणार. आयटी कंपन्यांत असतंच. सर्व्हर घ्यायच्या आधी ते कलम शोध आणि फोटो काढून मला पाठव. परवानगी मागावी लागली तर अर्जाचा मसुदा आपण रविवारी बसून करू, जेवायलाच ये. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर यातली एकही फाइल ठेवू नकोस, ही एक्सेल शीटसुद्धा.

तुझा,
मामा