बनावट पाना की घडीव पाना?

प्रश्न असा आहे: “स्क्रू पान्याच्या खोक्यावर मराठीत ‘थेंब बनावट पोलाद’ असे छापले आहे. माल खोटा समजायचा का? फोर्जिंगला मराठीत नेमका शब्द कोणता? आणि डाय म्हणजे साचाच ना? मग पाना साच्यात ओततात असे लिहिले तर काय बिघडले?”

माल खरा असेल, बनावट आहे ते मराठी. मूळ इंग्रजी शब्द ‘ड्रॉप फोर्ज्ड’. भाषांतराच्या यंत्राने ड्रॉपचा थेंब केला आणि फोर्ज्डचे बनावट. इंग्रजीत फोर्ज या क्रियापदाला दोन अर्थ आहेत: तापवलेला धातू ठोकून घडवणे आणि दुसऱ्याची खोटी सही ठोकणे. यंत्राने नेमका दुसरा उचलला. हिंदीत बनावट म्हणजे साधी रचना किंवा घडणही असू शकते, त्यामुळे तिकडे हा घोटाळा थोडा तरी झाकला जातो. मराठीत बनावट म्हटले की नोट, सही नाहीतर औषध आठवते. आणि ‘ड्रॉप’चा थेंबाशी काहीच संबंध नाही. वरून सोडलेला, स्वतःच्या वजनाने खाली येणारा घण म्हणजे ड्रॉप.

(पाना की पान्हा, हा वाद मी इथे उकरत नाही. मी पाना लिहितो. पान्हा गाईला फुटतो.)

फोर्जिंगला शब्द शोधत बसायची गरजच नाही, तो आपण दिवसभर वापरतो. घडणे, घडवणे, घडण, जडणघडण, घडामोड, घडणावळ. संस्कृतातल्या घट् धातूपासून हे सगळे गोत आले, ‘घटना’ही त्यातलीच. जे होते तेही घडते आणि ऐरणीवर जे आकाराला येते तेही घडते. या क्रियेचे नाव घडाई, तांत्रिक लेखनात ते रुळलेलेही आहे. विशेषण घडीव. घडीव म्हणजे ठोकून आकार दिलेले, ओतीव म्हणजे वितळवून ओतलेले. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर या दोन विशेषणांतच आहे. पाना ओतला असे लिहिले की तो ओतीव झाला, आणि खोक्यावर छापणाऱ्याला तर तो ओतीव नाही एवढेच सांगायचे होते.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. ओतकामात धातू पाण्यासारखा पातळ करतात. घडाईत पोलाद वितळतच नाही. साधारण १२०० अंश सेल्सियसला ते पिवळसर केशरी दिसते आणि मऊ पडते, पण घन राहते. वितळायला अजून दोन-तीनशे अंश लागतील. घणाखाली ते दबते, पसरते, वळते आणि त्याच्या आतल्या तंतूंसारख्या रेषाही आकाराबरोबर वळतात. लाकडाचा वाकडा तुकडा सरळ फळीतून कापून काढला तर रेषा मधेच तुटतात, नैसर्गिक वाकलेल्या फांदीत त्या वाकाबरोबर जातात. घडीव पान्याचा जबडा त्या फांदीसारखा. नट सोडवताना सगळा जोर जबड्याच्या मुळाशी येतो, म्हणून तिथल्या रेषा अखंड असणे मोलाचे. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, पाना त्याच जागी कटकन मोडेल, कारण बीड ठिसूळ.

आता डाय. कामगारांच्या बोलण्यात ती स्त्रीलिंगी: डाय बसवली, डाय झिजली. तिला साचा म्हणणारे पुष्कळ आहेत आणि ते चुकतात असे मी म्हणणार नाही. पण साच्याला मराठीत ओतणे हे क्रियापद इतके चिकटले आहे की साचा लिहिला की लेखणी आपोआप ओतायला लागते. तुमचेही तेच झाले. एकाच मजकुरात ओतकाम आणि घडाई दोन्ही येणार असतील तर मी साचा ओतकामाला ठेवीन आणि घडाईच्या डायला ठसा म्हणेन.

ठसा या शब्दाची गंमत अशी की तो उमटवणाराही आहे आणि उमटलेलाही. टाकसाळीत नाणे पाडायचा तो ठसा, नाण्यावर उमटतो तोही ठसा. घडाईत हेच मोठ्या जोराने होते. खालचा ठसा बैठकीवर, वरचा घणाला बांधलेला. तापलेला गज मधे ठेवतात आणि घण सोडतात. एका घावात काम होत नाही. आधी गज हव्या त्या जागी बारीक-जाड करून घेतात, मग ओबडधोबड खळगा, मग नेमका खळगा. धातू कोपऱ्याकोपऱ्यात ठासला जातो. ठसणे आणि ठासणे ही जोडी पडणे-पाडणे, मरणे-मारणे यांच्यासारखीच दिसते, आणि घणाखाली दोन्ही एकाच क्षणी घडतात.

खळगा भरूनही जास्तीचा धातू उरतो, मुद्दाम उरवतात, नाहीतर कोपरे रिकामे राहतील. तो दोन ठशांच्या फटीतून बाहेर येतो आणि तुकड्याभोवती पातळ झालरीसारखा लोंबतो. कारखान्यात याला फ्लॅश म्हणतात. ही झालर छाटायला पुन्हा डाय आणि पंच लागतात, आणि इथे माझा ठसा अपुरा पडतो. या डायमध्ये खळगा नसतो, पान्याच्या बाह्यरेषेचे आरपार भोक असते. पंच वरून दाबला की पाना भोकातून खाली जातो आणि झालर वर अडकून राहते. ही डाय काहीच उमटवत नाही, नुसती कापते. तिला ठसा म्हणणे म्हणजे शब्दाच्या प्रेमात आंधळे होणे. सरळ ‘छाटणीची डाय’ लिहा. पंचालाही तेच: लोहार तापल्या लोखंडात भोक पाडतो तो सुंबा, ते भोक सुंब्याने पाडले असे लिहा. पण डायच्या जोडीने येतो तो पंचच राहू द्या.

‘पाडणे’ पुन्हा पुन्हा आले, ते उगाच नाही. एकसारखे नग भराभर काढायचे असले की मराठी हेच क्रियापद घेते. नाणी पाडतात, विटा पाडतात, स्क्रूचे आटे पाडतात, आणि काही लोक कविताही पाडतात. म्हणून एकटा पाना घडवला म्हणा, पण ‘या ठशातून हजारो पाने पाडले’ हेही शुद्ध आणि जिवंत मराठी आहे.

पुढचे थोडक्यात. सरकता जबडा वेगळा घडवतात, त्याच्या पायाला दाते कापतात, अंगठ्याने फिरवायची फिरकी त्या दात्यांत बसते. फिरकीवर असते ते मळसूत्र, म्हणून आपण या हत्याराला स्क्रू पाना म्हणतो. जुन्या फ्रेंचमध्ये आणि स्पॅनिशमध्ये ही ‘इंग्रजी किल्ली’, पोलिश आणि हंगेरियन लोकांची ‘फ्रेंच किल्ली’, डॅनिश लोकांची ‘स्वीडिश किल्ली’. डॅनिशांना निदान कारण आहे: आजच्या घाटाचे पेटंट स्वीडनच्या योहान पेटर योहानसनने १८९२ साली घेतले. बाकीच्यांनी दुसऱ्यावर ढकलले. आपण मात्र पान्यात काय आहे ते पाहून नाव ठेवले. शेवटी पोलादाला पाणी देतात, म्हणजे कडक व्हावे म्हणून तापवून झटकन थंड करतात, मग ते बहुधा तेलात बुडवलेले असले तरी मराठीत पाणीच.

खोक्यावर ‘ठोकून घडवलेले पोलाद’ किंवा नुसते ‘घडीव पोलाद’ छापा. तेच पान्याच्या दांड्यावर उठावाने हवे असेल तर ठसा कोरणाऱ्याला एक सांगून ठेवा. दांड्यावर अक्षरे वर उठलेली हवीत तर ठशात ती खोल आणि आरशातल्यासारखी उलटी कोरावी लागतात. ‘घडीव’मधली दुसरी वेलांटी ठशात पहिलीसारखी दिसेल. ती पाहून कुणा शुद्धलेखनाच्या भोक्त्याने ठसाच सुधारायला घेतला, तर पाडलेल्या प्रत्येक पान्यावर ऱ्हस्व उमटेल.