झाडांमुळेही पीएम २.५ (हवेतले अतिबारीक कण) वाढतं असं वाचलं, हे खरं आहे का? मग सोसायटीतल्या पाच निलगिरी काढायच्या का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. पण ‘हो’ म्हटल्यावर लोक लगेच कुऱ्हाड शोधायला लागतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एमएस्सी करताना नागपुरात आमच्या कॉलेजच्या गच्चीवर हवेचे नमुने घ्यायचं काम माझ्याकडे होतं. पंप २४ तासांत साधारण २४ घनमीटर हवा एका पांढऱ्या टेफ्लॉन फिल्टरमधून ओढतो. फिल्टर मारी बिस्किटापेक्षा जरा लहान. हवेत घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम कण असले (आपल्याकडची २४ तासांची मर्यादा ६० आहे), तरी त्यावर जमतात जेमतेम अडीच मिलिग्रॅम. चिमूटभर मीठसुद्धा त्याहून कितीतरी जड.

शेजारीशेजारी दोन पंप असायचे. जानेवारीतल्या एका सकाळी नमुना पूर्ण झाला, मित्राने त्याचा फिल्टर काढून बर्फाच्या डब्यात ठेवला आणि मी तर्री-पोहे खायला गेलो. परत आलो तोवर दुपार. माझा फिल्टर उन्हात तापलेला. दोन्हींचं वजन केलं तर माझा चांगलाच हलका भरला. हवा तीच, वेळ तीच. मग कण गेले कुठे? सर म्हणाले, “पोहे महागात पडले.” कण उडून गेले होते, पण वाऱ्याने नव्हे. त्यांचा परत वायू झाला होता.

तुमच्या प्रश्नाची गोम इथेच आहे. पीएम २.५ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धूर, काजळी, रस्त्याची माती येते. हे कण आहेतच. शेकोटी, शेतात पेटवलेली पऱ्हाटी, डिझेलचा धूर यांतून ते थेट बाहेर पडतात. समुद्रावरून मीठ येतं, उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर बारीक माती येते. पण यातला मोठा भाग कुठूनच ‘बाहेर पडत’ नाही, तो हवेतच जन्मतो. गाड्यांमधून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात, उन्हात त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. शेतातला युरिया, गुरांचे गोठे, गटारं यांतून अमोनिया येतो. दोन्ही नुसते वायू. थंड, दमट पहाटे ते एकत्र आले की अमोनियम नायट्रेटचा कण होतो, आणि ऊन चढलं की त्यातला बराचसा पुन्हा विरतो. माझ्या फिल्टरवर तेच झालं.

कोळशातल्या गंधकाचं तसं नाही. आमच्याकडे कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांची धुराडी दिसतात. त्यांतून निघणारा सल्फर डायऑक्साइड कोरड्या हवेत सावकाश, धुक्याच्या थेंबात मात्र भराभर सल्फेट होतो. हा कण साध्या उन्हाने उडत नाही, आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातो. म्हणून ‘आमच्या भागात कारखाना नाही’ हे समाधान फारसं कामाचं नाही.

आता झाडं. संत्र्याची साल मेणबत्तीजवळ पिळून बघा, तडतड ठिणग्या उडतात. ते सालीतलं तेल, मुख्यतः लिमोनीन. असेच वायू झाडांच्या पानांतूनही सतत निघतात. पाइनमधून पाइनीन, आणि निलगिरीसकट कितीतरी झाडांतून आयसोप्रीन, जे ऊन आणि गरमी वाढली की जास्त सुटतं. जगभरात झाडं दर वर्षी सुमारे ५० कोटी टन आयसोप्रीन सोडतात. हवेतला ओझोन आणि इतर क्रियाशील घटक या वायूंना गाठतात, त्यांचे जड, चिकट रेणू होतात आणि ते कणांवर जाऊन बसतात. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी पर्वतांचं नावच त्यांच्यावरच्या निळसर धूसरपणावरून पडलंय. अशी निळी धूसरता झाडांच्या वायूंमुळे येते, असं फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६०मध्ये मांडलं. पुढे १९८०च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उमेदवार रोनाल्ड रेगन यांनी हवेच्या प्रदूषणाचं खापर झाडांवरच फोडलं. तुम्ही जे वाचलंत त्याचं मूळ असल्याच कुठल्यातरी अर्धवट गोष्टीत असणार.

कारण पुढचा भाग कोणी सांगत नाही. त्याच आग्नेय अमेरिकेत हवा स्वच्छ ठेवण्याच्या १९९०च्या कायद्यानंतर वीजकेंद्रांतला सल्फर डायऑक्साइड बराच खाली आला. जंगलं जागच्या जागी होती, आयसोप्रीन सुटतच होतं. तरी सल्फेटबरोबर हवेतले सेंद्रिय कणही कमी झाले, ज्यांचा मोठा वाटा झाडांच्या वायूंपासून बनतो. २०१३च्या उन्हाळ्यात अलाबामाच्या जंगलात शास्त्रज्ञांनी यंत्रं लावून हे जवळून तपासलं. आयसोप्रीनपासून बनलेले रेणू आम्लधर्मी सल्फेट कणांत शिरून तिथेच अडकतात. सल्फेट नसेल तर त्यातले बरेचसे वायू म्हणूनच राहतात. रात्री पाइनीनसारख्या वायूंना कणांत बदलण्यात नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा हात असतो. म्हणजे दूध झाडाचं, विरजण आपलं. मग ‘निसर्गाचे किती टक्के, माणसाचे किती टक्के’ हा हिशोब कसा मांडणार? कणातला कार्बन झाडाचा आहे, पण आपला धूर नसता तर त्यातला बराचसा कणात आलाच नसता.

तुमच्या सोसायटीतल्या पाच निलगिरींचं आयसोप्रीन शहराच्या हवेत मोजण्याइतकंही नाही. फांद्या पार्किंगवर पडतात म्हणून झाडं काढायची असतील तर तो वेगळा मुद्दा, तसं स्पष्ट सांगा आणि रीतसर परवानगी घ्या. हवेचं कारण पुढे करू नका. त्यापेक्षा झाडणारे काका सकाळी कोपऱ्यात त्याच निलगिरीचा पाला पेटवतात का, ते बघा. पेटवत असतील तर ती झाडं खरोखर पीएम २.५ तयार करतायत, आणि ते थांबवायला एक खड्डा आणि दोन टोपल्या शेण पुरेल. निलगिरीचा पाला कुजायला वेळ घेतो, तेवढा धीर धरा.