कॅम्परच्या टपावरचा छोटा पंखा काढून मोठा बसवावा का?

प्रश्न असा आहे: "माझ्याकडे टेम्पो ट्रॅव्हलरवर बनवलेली कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी आहे. टपावर सहा इंची पंखा आहे, तो हवा कमी खेचतो आणि आवाजच जास्त करतो. तो काढून चौदा इंची, रिमोट आणि थर्मोस्टॅटवाला बसवला तर पैसे वसूल होतील का? ठाण्यात राहतो, पावसाळ्यात गळेल अशीही भीती वाटते."

बसवा, पैसे वसूल होतात. फक्त तुम्ही विचार पंख्याचा करताय आणि करायला हवा तो भोकाचा. पंखा बिघडला तर काढून दुसरा लावता येतो, पत्र्याला पाडलेलं भोक पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. गळण्याचं तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलंय, माझ्या मते तो पहिला प्रश्न आहे. मी ऐरोलीत राहते. आमचीही ट्रॅव्हलरच आहे, एका शाळेच्या बसवाल्याकडून सेकंडहँड घेतलेली, आणि तिच्या टपाखाली एक अख्खा पावसाळा मी पातेली मांडत काढलाय.

आमचाही पहिला पंखा सहा इंचीच होता. तुर्भ्याला एका फॅब्रिकेटरकडे गाडीचं आतलं काम दिलं होतं, पलंग, ओटा, कपाटं, त्यातच त्याने टपाला पंखाही लावून दिला. वरून सगळ्या बाजूंनी पांढरं सिलिकॉन थापलेलं. दिसायला एकदम पक्कं. पहिल्याच जुलैत आम्ही माळशेजला गेलो, सासूबाई बरोबर होत्या. त्यांना दमा आहे, म्हणून पलंग त्यांना दिला. रात्री दोनच्या सुमाराला त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, उशी ओली आहे." वर बॅटरी मारून पाहिलं तर पंख्याच्या चौकटीतून नाही, चौकटीपासून वीतभर लांब, सनमायकाच्या जोडातून थेंब पडत होता. रात्रभर त्या पुढच्या सीटवर बसून राहिल्या.

परत आल्यावर फॅब्रिकेटरने आणखी एक ट्यूब सिलिकॉन थापलं. दहा दिवसांत पुन्हा गळायला लागलं. मग तिसरी ट्यूब. तो दर वेळी सांगायचा, "मॅडम, आता काही होणार नाही." ऑक्टोबरात मी आतल्या छताला बोटाने दाबून पाहिलं तर बोट प्लायमध्ये गेलं, चहात बुडवलेल्या टोस्टमध्ये जावं तसं. हाताला काळ्या बुरशीचा वास येत होता. दमेकरी माणूस त्याच्याच खाली झोपत होता, हे आठवलं की आजही जिवाचा संताप होतो.

त्या दिवशी मी स्वतः शिडी लावून टपावर चढले. सिलिकॉनचं एक टोक नखाने उचललं आणि ओढलं, तर दुधावरची साय निघावी तसा सगळा पट्टा एका दमात हातात आला. तीन थर एकमेकांवर नुसते बसलेले होते. कारण सरळ आहे. मे महिन्यात टपाचा पत्रा हात लावू देत नाही, जूनमध्ये त्याच पत्र्यावर धो धो पाणी पडतं. पत्रा वेगळा प्रसरण पावतो, पंख्याची प्लॅस्टिकची चौकट वेगळी, वरून आपल्या रस्त्यांचे हादरे. बाथरूममध्ये चालणारं साधं सिलिकॉन इथे कडेपासून सुटतं, आणि जुन्या सिलिकॉनवर नवीन काहीच धड चिकटत नाही. दुसरी-तिसरी ट्यूब म्हणजे निव्वळ वाया.

खरी खोड त्याच्याही खाली होती. ट्रॅव्हलरच्या टपाला लांबीच्या दिशेने उंचवटे असतात. चौकट त्या उंचवट्यांवर टेकवलेली, मधल्या खाचा तशाच मोकळ्या आणि वरून सिलिकॉनचा पडदा. म्हणजे प्रत्येक खाचेची आतल्या बाजूने एक पन्हळ झाली होती. पाणी त्यातून आत शिरून प्लायवरून वाहत जाई आणि जिथे जोड सापडेल तिथे टपके.

आता खेचण्याचं. तुम्ही म्हणताय पंखा हवा खेचत नाही. आमच्याकडेही हेच होतं. गाडीत लसणाची फोडणी दिली की सासूबाईंना खोकल्याची उबळ येई. पंखा जोरात फिरायचा, पण धूर तसाच. आमचे भावोजी, म्हणजे माझे धाकटे दीर, एअर कंडिशनिंगच्या धंद्यात आहेत. ते म्हणाले, "वहिनी, असल्या पंख्यांनी काही होत नाही. टपावर एसी टाकू, विषय संपला." मी उदबत्ती पेटवून पंख्याखाली धरली. धूर खाली आला. पंखा बाहेरची हवा आत ढकलत होता! दोन वायरी उलट जोडल्या होत्या. साध्या डीसी मोटरची प्लस-मायनस उलटी केली की ती उलटी फिरते, आणि उलटं फिरणारं पातं हवा ढकलतंही अर्धवटच. आम्ही आठ महिने त्याच पंख्याखाली फोडण्या दिल्या होत्या.

वायरी बदलल्या, तरी ओढ कमीच. मग लक्षात आलं की सगळ्या खिडक्या बंद आहेत. हवा बाहेर टाकायची तर ती कुठून तरी आत यायला हवी ना? पलंगाकडची खिडकी दोन बोटं उघडली, उदबत्ती त्या फटीपाशी नेली, तर धूर सरळ आडवा आत आला आणि ओट्यावरून वर गेला. म्हणून नवीन पंखा मागवण्याआधी तुम्ही उदबत्ती लावून बघाच. कदाचित तुमचा पंखा चांगला असेल आणि वायरी उलट्या असतील.

तरीही मोठा पंखा मी घ्यायला सांगते, कारण गणित मोठ्याच्याच बाजूने आहे. चौदा इंची म्हणजे छताची कापणी १४ बाय १४ इंच, पातं त्यात साधारण १२ इंचांचं. व्यास दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट. त्यामुळे तो हळू फिरूनही जास्त हवा हलवतो आणि हळू फिरतो म्हणून आवाज करत नाही. मॅक्सफॅनसारख्या पंख्याला कंपनी मिनिटाला ९०० घनफूट हवा सांगते, म्हणजे साधारण २५ घनमीटर. आमच्या गाडीची आतली जागा मी टेपने मापली, ती ११ घनमीटर भरली. जाळी, वळणं यात हवा अडते, म्हणून आकडा निम्मा धरा, तरी मिनिटाभरात गाडीतली सगळी हवा बदलते. फोडणीला आणखी काय हवं?

रिमोट घेऊ नका. हात वर केला की बटण आहे, आणि रिमोट नेमका गादीखाली सापडतो. थर्मोस्टॅट म्हणजे ठरलेल्या तापमानाला पंखा आपोआप चालू करणारी सोय, तिचा उपयोग गाडी उन्हात बंद ठेवून जाताना होतो, पण एखादी खिडकी उघडी ठेवली असेल तरच. खरे पैसे टाका ते पावसाच्या झाकणावर. काही पंख्यांना पावसाचा सेन्सर असतो, थेंब पडला की झाकण मिटतं आणि पंखा बंद. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तो मिटलेलाच राहील. त्यापेक्षा ज्याला वरून टोपीसारखं झाकण असतं आणि जो पावसातही चालतो, तो घ्या. त्या टोपीचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येतं. आपला पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, म्हणून मुक्कामाला गाडीचं नाक वाऱ्याकडे करून लावायची. एवढ्याने निम्मं काम होतं.

बसवण्याचं काम आम्ही दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलं, हे आणि मी. भावोजी म्हणाले होते, "वहिनी, हे बायकांचं काम नाही, पत्रा वाकडा कापला तर गाडी गेली." जिगसॉ, म्हणजे पत्रा कापायची विजेची करवत, मी चालवला. आधी आतून टपाच्या आडव्या पट्ट्या शोधल्या, त्या गाडीचा कणा आहेत, त्या कापायच्या नाहीत. मग वरून रेषा आखली, सगळीकडे मास्किंग टेप लावली म्हणजे जिगसॉच्या पायाचे ओरखडे उठत नाहीत. चार कोपऱ्यांना ड्रिल, मग कापणी. खाली ह्यांनी जुनी चादर धरली होती. लोखंडाचा कीस एक कणही टपावर ठेवायचा नाही, जिथे पडतो तिथे आठ दिवसांत तांबेरा धरतो. कापलेल्या कडेला दोन हात रेड ऑक्साइड, तेही पूर्ण वाळेपर्यंत थांबून. आतून लाकडी चौकट, म्हणजे स्क्रूला धरायला जागा मिळते.

खाचांमध्ये आम्ही अॅल्युमिनियमच्या पट्ट्या कापून पीयू सीलंटने, म्हणजे सुकल्यावरही रबरासारखं लवचिक राहणाऱ्या सीलंटने, बसवल्या, टप त्या चौकोनापुरता सपाट होईपर्यंत. त्यावर ब्यूटाइल टेप. ती करड्या रंगाची, मळलेल्या कणकेसारखी चिकट असते, कधीच पूर्ण सुकत नाही, म्हणून पत्रा हलला तरी ती बरोबर हलते. चौकट ठेवून स्क्रू समोरासमोरच्या जोडीने आवळायचे, टेप कडेने थोडी बाहेर येईल इतकेच. एक दिवस उन्हात ठेवून पुन्हा अर्धा फेरा. मग वरून कडेला आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर पीयू सीलंट. जुनं सिलिकॉन असेल तर ते ब्लेडने खरवडून, थिनरने पुसून, पत्रा बोटाला खरखरीत लागेपर्यंत काढा. मला त्याला दीड दिवस लागला आणि त्यातला एक तासही वाया गेला असं मी म्हणणार नाही.

त्यानंतर तीन पावसाळे झाले. एक थेंब नाही.

आता एसीचं सांगते, कारण तुम्हालाही कोणीतरी भेटेलच "पंखा कशाला, एसी टाक" म्हणणारा. टपावरचा एसी १२०० वॅट खातो असं धरा. १२ व्होल्टच्या बॅटरीतून ते १०० अँपिअर झाले, इन्व्हर्टरमध्ये जातं ते वेगळंच. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी तासाभराच्या आत झोपते. हाच पंखा हळू वेगावर अर्धा-एक अँपिअर घेतो, पूर्ण जोरात तीन ते पाच. रात्रभर हळू चालवला तर बॅटरीचा दहावा भागही जात नाही. हे मी भावोजींना कागदावर लिहून दाखवलं होतं. ते म्हणाले, जनरेटर घेऊ. आता रात्रभर जनरेटरची घरघर ऐकायची तर भंडारदऱ्याला जायचं कशाला? आणि महत्त्वाचं म्हणजे, एसी आतलीच हवा फिरवतो. फोडणीचा धूर, ओल्या टॉवेलची वाफ, चार माणसांचे श्वास, सगळं आतच. दमेकरी माणसाला गारव्यापेक्षा हवा बदलण्याची गरज असते. सासूबाई आता गाडीत स्वतः सुके बोंबील भाजतात आणि खोकत नाहीत. भावोजींनी हे पाहिलंय, अजून कबूल केलेलं नाही.

हे मात्र मान्य करते की मे महिन्यात ठाण्यात दुपारी पंखा थंडावा देणार नाही, बाहेर जेवढं आहे त्याच्याखाली तो उतरवू शकत नाही. पावसाळ्यात बाहेरचीच हवा ओली असते, तीही तो कोरडी करणार नाही. डिसेंबरात घाटावर मात्र फरक कळतो, सकाळी काचांवर आणि पत्र्यावर आतून पाणी धरायचं, ते थांबतं.

आणखी काही गोष्टी राहिल्या. गाडीत सिलिंडर असेल तर टपावरच्या पंख्यावर भरवसा ठेवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साठतो. त्यासाठी सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच. शेगडी पेटलेली असताना सगळ्या खिडक्या बंद करून पंखा जोरात लावू नका. वायरला बॅटरीजवळ फ्यूज घाला, आणि इलेक्ट्रॉनिक बोर्डवाल्या नव्या पंख्याच्या वायरी उलट लावून बघू नका, बोर्ड जळू शकतो. वायरी बदलायचा प्रयोग जुन्या साध्या पंख्यासाठी होता.

तुमचा टप फायबरचा असेल तर मी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं लागू होणार नाही, सीलंट त्याला चालणारं बघून घ्या. गाडीची उंची चार-पाच इंचांनी वाढते, डॅशबोर्डवर नवा आकडा लिहून चिकटवा, पार्किंगच्या कमानीखाली आठवण राहते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आरसीवरचा तपशील मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही, म्हणून कापणीच्या आधी आरटीओत आणि विमावाल्याकडे विचारून या. आम्ही नंतर विचारलं आणि दोन खेपा जास्त झाल्या.

जाळी महिन्यातून एकदा काढून गरम पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा. तेलाचा चिकटा आणि धूळ बसली की नवा पंखाही जुन्यासारखाच वागतो. मे संपायच्या आत एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा टपावर चढून सीलंटच्या कडा अंगठ्याने दाबत फिरा. आणि गाडी धुवायला दिलीत तर त्या मुलाला आधीच सांगा की प्रेशरचा पाइप पंख्याच्या चौकटीवर धरू नकोस.