विचारा डॉक्टरांना: क्लीनिंग केलं की दात ढिले होतात का?

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ४७. ब्रश करताना रक्त येतं हे पाच-सहा वर्षं चालूच होतं, दुखत नव्हतं म्हणून लक्ष दिलं नाही. आता खालचे पुढचे दोन दात हलतात. डेंटिस्टनी सुईसारखं काहीतरी घालून प्रत्येक दाताभोवती मोजलं, असिस्टंटला तीन, पाच, सात असे आकडे सांगत गेले आणि म्हणाले डीप क्लीनिंग करावं लागेल, चार वेळा यावं लागेल. पण माझी मोठी बहीण म्हणते अजिबात करू नकोस, तिचे दात क्लीनिंगनंतरच ढिले झाले. काय करू? साध्या क्लीनिंगवर भागणार नाही का?

उत्तर: आधी त्या आकड्यांचं बघू, म्हणजे ताईंच्या मुद्द्याचंही उत्तर मिळेल. ती सुई नाही, टोकाला बोथट असलेली आणि मिलीमीटरच्या खुणा असलेली सळी असते, तिला प्रोब म्हणतात. हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक बारीक फट सगळ्यांनाच असते, निरोगी तोंडात १ ते ३ मिमी. तुमच्याकडे सात म्हणजे हिरडी दातापासून सुटून खोल खिसा झालाय आणि तिथे दाताला धरून ठेवणारं हाडही बहुतेक झिजलंय, किती ते एक्स-रेवर कळतं. ७ मिमी खोल ब्रश जात नाही, गुळण्या तर नाहीच नाही. साधं क्लीनिंग मुख्यतः हिरडीच्या वरचं आणि जेमतेम कडेखालचं कीटण काढतं, म्हणजे दिसतं ते चकाचक आणि रोग आहे तिथेच.

डीप क्लीनिंगमध्ये हिरडीला भूल देतात आणि खिशात उतरून मुळावरचं कीटण काढतात. हे कीटण काळपट आणि कडक असतं, नळाच्या तोटीवर क्षार बसतो ना तसं घट्ट चिकटलेलं, त्यामुळे आधी थरथरणारं मशीन आणि मग क्युरेट नावाचं हाताचं हत्यार घेऊन खरवडावं लागतं, आणि दिसत काहीच नसतं, सगळं बोटाला लागणाऱ्या खरखरीवर चालतं. म्हणून वेळ लागतो, म्हणूनच तोंडाचे चार भाग करून चार वेळा बोलावतात. काही जण दोनदा बोलावतात, तेही चालतं.

आता ताई. त्या खोटं बोलत नाहीत, त्यांना जाणवलं ते खरंच आहे! पण दात ढिले झाले ते हाड गेल्यामुळे, आणि हाड आधीच गेलेलं होतं. कीटणाच्या जाड थराने शेजारशेजारचे दात एकमेकांना चिकटवून ठेवले होते, तो आधार काढला की हलणं कळायला लागतं. सूज उतरली की हिरडी आकसते, दात लांब दिसतात, मधे फटी दिसतात, थंड पाणी झिणझिणतं. झिणझिण्या बहुतेकांच्या काही आठवड्यांत कमी होतात, फटी मात्र राहतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगायला हवं आणि खूपदा सांगत नाहीत, मग पेशंटला वाटतं यांनीच बिघडवलं. उलट थोडे हलणारे दात सूज गेल्यावर बऱ्यापैकी घट्ट झालेले मी पाहिलेत. खूप हलत असतील तर शेजारच्या दातांना बांधून घेता येतात.

तेव्हा करून घ्या. मात्र दीड-दोन महिन्यांनी परत मोजून घ्यायचं. पाच-सहाचे खिसे तीन-चारवर आले तर छान, खोलच राहिले आणि रक्त येत असेल तर फ्लॅप सर्जरीचा विषय निघेल, म्हणजे हिरडी उघडून डोळ्यांनी बघत साफ करायचं. सातचा खिसा आहे तर ही तयारी मनात ठेवा. गेलेलं हाड क्लीनिंगने जवळजवळ परत येत नाही, आहे ते वाचवायचंय.

तुम्ही दोन गोष्टी लिहिल्या नाहीत, शुगर आणि सिगारेट. डायबेटिस ताब्यात नसेल तर हिरड्या भरत नाहीत आणि हिरड्यांची सूज शुगर वाढवते, दोन्हीकडून मार. सिगारेटचं तर असं की ओढणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे सगळं ठीक वाटतं आणि आत हाड जात असतं. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

प्रश्न: माझं डीप क्लीनिंग झालंय, आता दर तीन महिन्यांनी या म्हणतात. धंदा आहे का हा?

उत्तर: शंका रास्त आहे, पण तीन महिने हे बरोबरच आहे, निदान पहिलं वर्षभर. खिशात जंतू पुन्हा जमतात आणि दातावरचा चिकट थर काही दिवसांतच कडक व्हायला लागतो. नंतर हिरड्या शांत राहिल्या तर अंतर वाढवता येतं. फटीत रोज रात्री इंटरडेंटल ब्रश फिरवता का? साइझ फटीप्रमाणे वेगवेगळे लागतात, पुढच्या वेळी आरशासमोर डॉक्टरांकडूनच बसवून बघा, अडकून बसला तर मोठा आहे आणि सैल गेला तर काहीच निघत नाही.