आई मंडळाची होती, मग माझी किती?

"रविवारी आईच्या शोकसभेत मला बोलायचंय. मंडळातल्या बायका 'काकू, काकू' म्हणून रडतात आणि मला मात्र रागच येतो. माझं काही चुकतंय का?"

आई जाऊन १५ दिवस झालेल्या, ४२ वर्षांच्या मुलीने समुपदेशनात विचारलेला हा प्रश्न. आई २० वर्षं महिला मंडळाच्या चिटणीस. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

चुकत काहीच नव्हतं. सगळ्यांची झालेली आई घरात वाटून घ्यावी लागते. ती गेल्यावर प्रेमाबरोबर ती जुनी तक्रारही वर येते. लोकांसमोर रडू न येणं म्हणजे माया कमी असणं नव्हे.

पण एक गोष्ट तिच्याही लक्षात आली नव्हती. आईचा फोन तिच्याकडे होता आणि दिवसभर वाजत होता. सहलीचे पैसे कुणाकडे द्यायचे, हॉलची किल्ली कुठे आहे? ती आईच्या जागी उत्तरं देत होती. शोकाला फुरसतच नव्हती. म्हणून भाषणाआधी मंडळाचं दप्तर सोपवायचं ठरलं.

कार्यकारिणीतल्या दोघींना एका दुपारी घरी बोलवायचं. इतिवृत्ताची वही, सभासद नोंदवही, वापरलेली आणि कोरी पावतीपुस्तकं, चेकबुक, शिक्का, किल्ल्या आणि रोख या सगळ्याची यादी दोन प्रतींत करून तिघींनी सह्या करायच्या. शेवटच्या पावतीचा क्रमांक यादीत हवाच. गोंधळ होतो तो रोख रकमेत, कारण मंडळाचे आणि घरचे पैसे बऱ्याचदा एकाच पर्समध्ये असतात. अंदाजाने रक्कम देऊ नये, पावत्यांशी ताळा जुळवावा. आईने आधीच सही करून ठेवलेले कोरे चेक सर्वांसमोर रद्द करावेत. बँकेतली सही बदलणं हे समितीचं काम. मुलीने मृत्यूच्या दाखल्याची प्रत दिली की पुरे. मंडळाची न्यास म्हणून नोंदणी असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ९० दिवसांत बदल अर्ज (चिटणीस बदलल्याची नोंद) द्यावा लागतो. तोही समितीनेच द्यायचा.

आईचं सिम मात्र लगेच बंद करू नये, घरच्या खात्यांचे ओटीपी त्यावरच येतात. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधी दुसरी अ‍ॅडमिन नेमावी आणि मगच आईचा नंबर काढावा.

भाषणाचा पहिला मसुदा होता: प्रेमळ, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष. ही विशेषणं कुणाच्याही आईला चालतील, म्हणून बोलणाऱ्यालाच ती पोकळ वाटतात आणि शब्द अडतात. तिला आईच्या वह्या पुन्हा चाळायला सांगितलं. वर्गणीच्या यादीत काही नावांपुढे बारीक अक्षरात 'नंतर' लिहिलेलं सापडलं. ज्यांना त्या महिन्यात जमत नव्हतं, त्यांना आईने चारचौघींत कधी विचारलंच नव्हतं. भाषण तिथून सुरू झालं. दुसरी आठवण घरची घेतली: भोंडल्याच्या खिरापतीतला एक डबा आई लेकीसाठी वरच्या फळीवर लपवून ठेवायची.

दहावीच्या निकालादिवशी आई मंडळाच्या सहलीला गेली होती. हा सल सभेत नको, पण गिळूनही टाकू नये. त्यासाठी आईला वेगळं पत्र लिहून ते रिकाम्या खुर्चीसमोर मोठ्याने वाचायचं ठरलं. ते दोन बैठका चाललं.

भाषण ३ मिनिटांचं, साधारण ३०० शब्दांचं, मोठ्या अक्षरात एका पानावर. घरी निदान चार वेळा मोठ्याने वाचायचं. मनातल्या मनात वाचताना आवाज कुठे फुटतो ते कळत नाही. जिथे फुटेल तिथे रेघ मारायची. सभेत त्या रेघेवर थांबून एक घोट पाणी प्यायचं. दुसरी प्रत मावसबहिणीच्या हातात ठेवायची, म्हणजे अडलं तर ती पुढे वाचेल.

सभेत ती 'नंतर'पाशी थांबली, पण भाषण तिनेच पूर्ण केलं. रडू आलं ते आठवड्याने, घरी, तो डबा खाली काढताना.

अशा शोकाला औषधाची गरज नसते. मात्र सहा महिन्यांनंतरही आईची ओढ रोज तितकीच तीव्र राहिली, झोप, जेवण किंवा काम कोलमडलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. जगणंच नको वाटू लागलं तर सहा दिवसही थांबू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.