नकाराला जागा ठेव

चि. मित्रास, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. हरणाच्या शिकारीची परवानगी मागण्यासाठी इथल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हर्नन काउंटीच्या जमिनींच्या सीमा ॲपवर पाहून तू मालकांची नावे काढलीस, काहींना पत्रे टाकलीस, काहींच्या फोनवर निरोप ठेवलेस, प्रत्यक्ष मात्र एकाच दारावर गेलास आणि "या वर्षी नको" एवढे ऐकून परत आलास. आता तू विचारतोस की पैसे मोजून कुणाची जागा खंडाने घ्यावी, की खासगी जमिनीचा नाद सोडून सरकारी रानातच शिकार करावी. त्याखाली आणखी एक प्रश्न तू अर्ध्या वाक्यात विचारून सोडून दिला आहेस, तो असा की आपले नाव आणि आपला रंग पाहून तर तो माणूस नाही म्हणाला नसेल? सगळ्यांची उत्तरे देतो, पण माझ्या क्रमाने.

विस्कॉन्सिनमधले हरीण जमीनमालकाचे नसते. वन्य प्राणी राज्य जनतेच्या वतीने सांभाळते आणि शिकारीचा परवानाही राज्यच देते. आपल्या जमिनीवर कोणी पाऊल ठेवावे आणि कोणी ठेवू नये, एवढेच मालकाच्या हातात असते. म्हणजे तू त्याच्याकडे हरीण मागत नसतोस. त्याच्या घरामागे, जिथे त्याची नातवंडे खेळतात आणि गुरे चरतात तिथे, शस्त्र घेऊन वावरण्याची मुभा मागत असतोस. हे मागणे मोठे आहे. ते मागणाऱ्याने समोरच्याला नकार देणे सोपे जाईल अशा रीतीनेच मागितले पाहिजे. मी तुला दुसरे काही शिकवू शकलो नाही तरी चालेल, पण हे तू शिकायला हवेस.

वीतभर बांधासाठी सख्ख्या भावांनी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्याचे तू गावाकडे पाहिले आहेस. इथल्या शेतकऱ्यालाही आपली सीमा तितकीच प्रिय असते, मग तिथे कुंपण असो वा नसो. प्रवेशबंदीची पाटी लावलेली नाही म्हणून आत जायला हरकत नाही, हा समज विस्कॉन्सिनमध्ये चुकीचा आहे. पाटी नसली तरी परवानगी लागतेच. करसवलतीच्या बदल्यात जे मालक आपले जंगल लोकांना खुले ठेवतात त्यांची गोष्ट वेगळी, आणि अशा जागा सरकारी नकाशावर दिसतात.

तू म्हणशील की पत्र आणि फोन यांनी तर नकार सर्वांत सोपा होतो. तसे नाही. निरोप ठेवला की त्या माणसावर उत्तराचे ओझे पडते, ते तो टाळतो, आणि तू महिनाभर वाट पाहत बसतोस. त्याने नकार दिलेला नसतो आणि होकारही दिलेला नसतो. कोण विचारतो आहे हेच त्याला कळलेले नसते. शिवाय तू निवडलेल्या भागात आमिश, म्हणजे आधुनिक साधने टाळून जुन्या रीतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, कुटुंबांची शेती पुष्कळ आहे. त्यांच्या घरात फोन नसतो आणि रविवारी त्यांच्याकडे असल्या कामासाठी जायचे नसते. तुझे निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचणार तरी कसे? जाऊन, समोर उभे राहून विचारावे लागते.

तू गेलास तो दिवस ऑक्टोबरमधला, मक्याच्या कापणीचा. कम्बाइन शेतात उभे, आभाळ भरून आलेले, आणि अशा वेळी तू त्या माणसाला पायरीवर थांबवून बोलत राहिलास. तू स्वतःच लिहितोस की तो नको म्हणाल्यावर तू त्याला शिकारी शिक्षणाचे प्रमाणपत्र दाखवलेस आणि आपण किती सावध असतो हे समजावू लागलास. का? १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही ते प्रमाणपत्र असल्याशिवाय इथे सहसा परवानाच मिळत नाही. त्याच्या मुलांकडेही ते असेल. पण माझा आक्षेप त्यावर नाही. त्याने नको म्हटल्यावर तू त्याला ते दुसऱ्यांदा म्हणायला लावलेस, यावर आहे. ज्याला दोनदा नाही म्हणावे लागते, तो तिसऱ्या वेळी तुझी गाडी वळताना दिसली तर दारच उघडणार नाही.

जुलैमध्ये जा, लसूणघासाची कापणी उरकून गठ्ठे शेडमध्ये गेलेले असतील तेव्हा. दुधाचा गोठा असेल तर पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास धारा काढायची वेळ असते, ती टाळ. गाडी घरातून दिसेल अशी लाव. रानात घालायचे ठिपक्यांचे कपडे नकोत, काळा चष्मा नको, गाडीत शस्त्र तर नकोच नको. या शेतघरांचे पुढचे दार बहुधा वर्षभर उघडत नाही. वापरातले दार बाजूचे असते, त्यापाशी चिखलाचे बूट काढून ठेवलेले दिसतील. ते दार वाजवून दोन पायऱ्या खाली उतर आणि मागे सरकून उभा राहा, म्हणजे दार उघडणारा माणूस तुझ्यापेक्षा उंचावर आणि स्वतःच्या घराच्या आत राहील. नाव सांग, कुठे राहतोस ते सांग, आणि धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीसाठी परवानगी विचारायला आलो आहे हे पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाक. पिकांचे कौतुक करत पाल्हाळ लावलास की तू काहीतरी विकायला आला आहेस असे त्याला वाटते. मग म्हण, "नाही म्हणालात तरी हरकत नाही." आणि गप्प बस. ते वाक्य केवळ म्हणण्यासाठी म्हणू नकोस. मनाशी खरे असेल तरच तुझा चेहरा ते बोलेल.

मागणेही लहान ठेव. नोव्हेंबरच्या अखेरीस येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होणारा बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम हा इथल्या कुटुंबांचा सण असतो. मिलवॉकी आणि शिकागोहून मुले, जावई, चुलतभाऊ येतात आणि बापाच्या मचाणावर बसतात. ते नऊ दिवस मागूच नकोस, त्यांत मी येणार नाही असे आपण होऊन सांग. सप्टेंबरच्या मध्यापासून धनुष्याचा हंगाम सुरू होतो, त्यातले काही दिवस, एकट्यासाठी, एवढेच माग. त्यालाही नको म्हणाला तर आभार मानून, नाव, फोन आणि गाडीचा क्रमांक लिहिलेला कागद देऊन निघ. "या वर्षी नको" म्हणजे पुढच्या वर्षी विचारायला हरकत नाही, हे एवढे शिकलेल्या माणसाला मी समजावून सांगावे का?

आता तुझा अर्धवट सोडलेला प्रश्न. काही दारांवर रंग हेही कारण असते. मी ते नाकारत नाही, आणि तू ते मनाला लावून घेऊ नकोस असेही सांगणार नाही. २१ नोव्हेंबर २००४ रोजी याच राज्यातल्या सॉयर काउंटीत खासगी जमिनीवरच्या मचाणात एक हमोंग, म्हणजे आग्नेय आशियातून इथे आलेल्या समाजातला, शिकारी बसलेला आढळला. त्यावरून वाद झाला, गोळीबार झाला, सहा माणसे मेली आणि दोघे जखमी झाले. आपल्याला वांशिक शिव्या दिल्या गेल्या आणि पहिली गोळी समोरून आली, असे त्याने न्यायालयात सांगितले. ज्यूरीने त्याला दोषी ठरवले. त्यानंतर त्या घटनेशी काडीचा संबंध नसलेल्या हमोंग शिकाऱ्यांकडेही संशयाने पाहिले गेले. म्हणून आपल्यासारख्याने सीमेबाबत इतरांहून अधिक काटेकोर राहायचे. हा न्याय नाही, हे मला कळते, तरीही राहायचे. परवानगी लेखी घे आणि खिशात ठेव, म्हणजे शेजाऱ्याने हटकले तर शब्दाला शब्द वाढणार नाही. आणि ज्याने रंगामुळे नकार दिला असेल त्यालाही नकार देणे सोपेच जाऊ दे. त्याच्याकडून कारण काढून घेण्याचा हक्क आपल्याला नाही, आणि मनात नसताना होकार दिलेल्याच्या रानात तुला सुखाने बसता येणार नाही.

खंडाबद्दल माझे मत कडवे आहे. माझ्या ओळखीच्या काही मराठी मंडळींनी मिळून एक डोंगरउतार वर्षाच्या कराराने घेतला आणि मलाही बोलावले. मी गेलो नाही, आणि माझा हट्टीपणा हा त्यांच्या गप्पांचा विषय झाला. पैसे देणे बेकायदा नाही. पण इथला कायदाही भेद करतो. शिकाऱ्याला अपघात झाला तर जमीनमालकाला सहसा जबाबदार धरत नाहीत; मात्र अशा वापरासाठी त्याने वर्षभरात एकूण २,००० डॉलरपेक्षा अधिक मोबदला घेतला असेल तर ते संरक्षण जाते. शिकारीतले मांस भेट दिले तर तो मोबदला धरला जात नाही, हेही कायद्यातच लिहिले आहे. मला यातले मर्म असे दिसते की करार झाला की तो माणूस वर्षभर नाही म्हणू शकत नाही. त्याची गाय व्याली, घरी पाहुणे आले, त्या दिवशी त्याला एकांत हवा असला, तरी तुझे पैसे त्याच्या खिशात असतात. मला असा माणूस समोर नको होता. मी जिथे बसत असे तो चुनखडीचा कडा म्हाताऱ्या मालकानंतर त्याच्या वारसांनी पैसे देणाऱ्यांना दिला, आणि माझ्या मुलाला तिथे एकदाही नेता आले नाही. त्याचे दुःख मला अजून आहे. पैसे काढून दिले असते तर जागा राहिली असती, हे घरच्यांनी मला ऐकवले आहे. तरीही त्या म्हाताऱ्याकडे मी दर उन्हाळ्यात नव्याने विचारायला जात असे, आणि दर वेळी तो नाही म्हणू शकत होता. त्यामुळेच त्याच्या होकाराला माझ्या लेखी किंमत होती. करार करायचा असेल तर कर, पण माझ्याकडून संमतीची अपेक्षा ठेवू नकोस.

होकार मिळाला तर तो कोणाचा आहे हे आधी पाहा. शेत कसणारा अनेकदा मालक नसतो, खंडाने कसत असतो. परवानगी मालकाची लागते. कसणाऱ्याला मात्र जाऊन सांगून ये, कारण पीक त्याचे आहे. मचाण पट्ट्यांनी बांधायचे, झाडात खिळा ठोकायचा नाही. ओकच्या किंवा अक्रोडाच्या खोडात राहिलेला खिळा पुढे करवतीचे पाते तोडतो आणि लाकडाचा भाव पाडतो. फाटक जसे असेल तसेच ठेवायचे. जखमी हरीण सीमा ओलांडून गेले तर विस्कॉन्सिनमध्ये ते आणायलाही शेजाऱ्याची परवानगी लागते. शेजारच्या आयोवात शस्त्र ठेवून मागे जाता येते, इथे येत नाही. म्हणून शेजाऱ्यांचीही दारे जुलैमध्येच वाजवून ठेव, आणि तिथेही हेच, नकाराला जागा ठेवून. मांस देणार असशील तर आधी हवे का ते विचार, आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत देऊ नकोस. हरणांना क्षीण करून मारणारा सीडब्ल्यूडी हा रोग २००२ पासून या राज्यात आहे आणि तो भाग त्याच्या पट्ट्यातच येतो.

आणि एकदा मिळालेली परवानगी कायमची समजू नकोस. पुढच्या जुलैत पुन्हा जा, पुन्हा पायरी उतरून उभा राहा, पुन्हा पहिल्यासारखेच विचार.

या हंगामात सरकारी रानात जा, त्यात कमीपणा नाही. त्या मक्यावाल्याला आता काही पाठवू नकोस, फोन करू नकोस, नाताळचे कार्डसुद्धा नको. जुलैत त्याच्या दारावर जाशील तेव्हा तो काय म्हणाला ते मला कळव, आणि नाही म्हणाला असेल तर तू त्यावर काय बोललास तेही लिही.

तुझा,
काका